पाटी हातात घ्या

"बावन्नातून सत्तावीस वजा कर," साहेब म्हणाले. मी पुढं होऊन खडू उचलला. अगदी तोऱ्यात.

शाळेची तपासणी होती. तिसरीचा वर्ग आदल्या दिवशी सारवून घेतला होता. सारवायला आमच्याच वस्तीतल्या पोरी होत्या, त्यात मीही होते. साहेब खुर्चीवर बसलेले, गुरुजी त्यांच्या बाजूला हात बांधून उभे. गणित कोण सोडवतंय म्हणून साहेबांनी विचारलं आणि दाराशी बसलेल्या मी हात वर केला. दोन्ही हात वर केले असते, इतकी मला खात्री होती.

फळ्यापर्यंत जायला वर्गातून चालावं लागलं. पोरांनी पाय आखडून घेतले. त्याची मला सवय होती. मी वर बावन्न मांडले, खाली सत्तावीस मांडले. सातातून दोन गेले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले. पस्तीस. खाली दोन रेघा ओढल्या आणि साहेबांकडं बघून हसले.

वर्ग खदाखदा हसायला लागला. मला वाटलं, माझ्याबरोबर हसताहेत. म्हणून मी आणखी हसले.

"तिसरीत आहे ना ही?" साहेबांनी गुरुजींना विचारलं.

"काय सांगू साहेब," गुरुजी म्हणाले. "रोज जीव तोडून शिकवतो. पण ह्यांच्या डोक्यात शिरतच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मुलगी नम्र आहे मात्र. मान वर करून बोलत नाही."

ह्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे साहेबांना कळलं, वर्गाला कळलं, आणि मलाही कळलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला तेवढं बरोबर कळतं.

"नम्र आहेस? छान," साहेब म्हणाले. "नम्र राहायचं आणि शिकत राहायचं." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, विद्या विनयेन शोभते. मग त्यांनी दुसऱ्या एका मुलाला उठवलं. त्यानं माझे पस्तीस पुसून पंचवीस लिहिले. त्याच्यासाठी टाळ्या झाल्या. पस्तीस का चुकले, ते मला कुणी सांगितलं नाही. मी परत दाराशी जाऊन बसले.

मला ती वजाबाकी का येत नव्हती, ते आता सांगते. ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आमच्या वर्गात रोज दुपारी पाट्या तपासल्या जायच्या. पोरं गुरुजींच्या टेबलापुढं रांग लावायची. गुरुजी एकेकाची पाटी हातात घ्यायचे. चुकलेल्या आकड्यावर काट मारायचे, बाजूला स्वतःच्या हातानं बरोबर आकडा लिहायचे, कुणाच्या डोक्यात टपली मारायचे, कुणाचा कान पिळायचे. "गाढवा, हातचा कोण घेणार, तुझा आजा?" असं ओरडायचे. आम्ही वस्तीतली पोरं रांगेत नसायचो. आमचं वेगळं होतं. आपली पाटी टेबलापासून लांब जमिनीवर ठेवायची आणि मागं सरून उभं राहायचं. गुरुजी खुर्चीतूनच मान थोडी लांब करायचे आणि म्हणायचे, "बरंय. घे."

बरंय. घे. पहिलीत बरंय, दुसरीत बरंय, तिसरीत बरंय.

तिथून माझे आकडे त्यांना दिसत तरी होते का, कोण जाणे. चूक काढायची म्हणजे पाटीला हात लावावा लागतो. हात लावायचा नव्हता, म्हणून माझी चूकच नव्हती. कायदा झाला होता, शिवाशिव गुन्हा होता, आणि गुरुजी कायद्याला धरूनच वागायचे. तोंडातून कधी वावगा शब्द नाही. कधी मला मारलं नाही. त्यांच्याविरुद्ध काय तक्रार करणार? रोज माझं गणित बरोबर देत होते की ते.

आणि मी काय समजत होते? मी समजत होते, सगळ्या वर्गात मी हुशार. पाटलांच्या पोराच्या पाटीवर काट, वाण्याच्या पोराच्या पाटीवर काट, माझी पाटी स्वच्छ. त्यांना टपल्या बसतात, मला एकदाही नाही. मी घरी जाऊन मायला सांगायचे, "माय, माझं येक बी चुकत नाय." माय बांधकामावर विटा वाहायला जायची. ती तिथल्या बायांना सांगायची, वस्तीत सांगायची, मीठ आणायला गेली तर दुकानदाराला सांगायची. "माझ्या पोरीचं येक बी चुकत नाय बरं." बाप मी पाळण्यात असतानाच गेला होता. मायला सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मायनं विचारलं, "सायब आल्ते म्हनं. तुला इचारलं का काई?"

मी दप्तर खांद्यावरच ठेवलं. गोवऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि उस्तानीबीच्या घरी निघाले.

खाम नदीच्या अलीकडं आमची वस्ती, आणि नदी ओलांडून शहराच्या दरवाज्यातून आत गेलं की उस्तानीबीची गल्ली. तिचं खरं नाव मला फार पुढं कळलं. मुलींना शिकवायची म्हणून सगळे तिला उस्तानीबी म्हणायचे. निजामाच्या वेळेला ती उर्दू शाळेत होती. पोलीस ॲक्शन झालं, त्या दिवसांत तिच्या घरातली माणसं कुठं कुठं गेली, ते ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. ती आणि तिची एक लहान लेक, एवढंच घर उरलं होतं. आम्ही तिच्याकडं गोवऱ्या टाकायचो. तिच्या घरी आमच्यासाठी वेगळा गिलास नव्हता, हे मी लहानपणापासून बघत होते. त्याचं मोल मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

टोपलं उतरवलं आणि मला रडू फुटलं.

"कायकू रोती गे?" ती म्हणाली.

मी दप्तरातून पाटी काढली. त्यावर तीच वजाबाकी परत मांडली. वर बावन्न, खाली सत्तावीस, उत्तर पस्तीस. आणि सवयीनं पाटी जमिनीवर ठेवून मागं सरले.

उस्तानीबी पाटीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "नीचे कायकू रखी? दे इधर." तिनं स्वतःच वाकून पाटी उचलली. मांडीवर घेतली. ओढणीच्या टोकानं कडा पुसली. एकदा आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "गलत है."

तीन वर्षं मी शाळेत जात होते. ते दोन शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मी आणखीच जोरात रडायला लागले. तिला वाटलं, चूक निघाली म्हणून रडते. "नक्को रो, नक्को रो. गलत बताए बगैर कोई सीखता क्या?" तिनं मला ओट्यावर आपल्या जवळ बसवलं, माझा हात आपल्या हातात धरला, त्यात पेन्सिल होती, आणि दोघींच्या हातानं पाच खोडून चार केले. दशकाच्या घरातून एक दहा उसना घ्यायचा असतो, हे मला त्या ओट्यावर कळलं. बारातून सात गेले, पाच राहिले. चारातून दोन गेले, दोन राहिले. पंचवीस. इतकी साधी गोष्ट. सांगायला पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. गुरुजींना तीन वर्षांत तेवढा वेळ झाला नव्हता.

मला राग तिथंच आला. शाळेत लाज वाटली होती, ओट्यावर राग आला. मी मठ्ठ नव्हते. मला मठ्ठ ठेवलं होतं, आणि वर माझ्याच मठ्ठपणाची साहेबांपुढं तक्रार केली होती.

उस्तानीबीनं माझ्यापुढं एक पुस्तक टाकलं. मराठी पहिलीचं. "अब मेरी बारी," ती म्हणाली. आपण मुंबई राज्यात गेलो होतो, कारभार मराठीत आला होता. तिच्या शाळेतून तिला सांगितलं होतं, मराठीची परीक्षा पास झालात तर नोकरी राहील. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे, आणि ती 'कमळ बघ, छगन बघ' वाचायला बसली होती. "मैं पढती. तू मेरी गलती निकाल."

ती वाचायला लागली. ओळीओळीला अडखळत होती. चुका मला कळत होत्या. पण मी गप्प बसले. मोठ्या बाईला, तेही मास्तरणीला, आमच्यासारख्यानं चूक दाखवायची? मी मान हलवत म्हटलं, "बरोबर हाय."

तिनं पुस्तक मिटलं. तिला इतकं रागावलेलं मी नंतर कधी बघितलं नाही.

"झूटा अदब नक्को मेरे कू," ती म्हणाली. "गलत है तो गलत बोल. तू 'अच्छा अच्छा' बोलेंगी तो मेरी नौकरी जाएंगी. समझी?"

मला समजलं. तिला बरंय म्हणणारी मी तिची गुरुजीच झाले होते. मी घसा साफ केला आणि तिची पहिली चूक सांगितली. तिनं लगेच कपाळावर हात मारला, हसली, आणि तीच ओळ परत वाचली. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींच्या चुका काढत बसायचो. ती परीक्षेत दोनदा नापास झाली. मग पास झाली. नोकरी राहिली. शाळेतले तरुण मास्तर तिच्या मराठीची नक्कल करायचे. ती घरी येऊन मला ती नक्कल करून दाखवायची आणि विचारायची, "ये भी गलत है क्या? तो सही कैसा बोलना?" माणसानं नम्र असावं म्हणजे कसं असावं, हे मला विचाराल तर मी ते तिथं बघितलं. भिंतीवर लिहिलेलं असतं ते वेगळं.

ओट्यावरच्या त्या पहिल्या संध्याकाळनंतर शाळा भरली, तेव्हा दुपारी पाट्यांची रांग लागली. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढचा मुलगा बाजूला सरकला, मागचाही सरकला. माझा नंबर आला. मी पाटी टेबलावर ठेवली.

मागची पोरं माना उंचावून बघायला लागली.

"खाली ठेव," गुरुजी म्हणाले.

"हातात घ्या गुरुजी," मी म्हणाले. "चुकलंय का बघा."

मला लघवीला लागली होती. ते खरं. पण पाटी मी उचलली नाही.

गुरुजींनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली. पट्टीच्या टोकानं माझी पाटी हळूहळू ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेली. घाई केली नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. टेबलावर पडलेला किडा माणूस जसा बाजूला सारतो, तसं. पाटी खाली पडली आणि तिचे तुकडे झाले. त्यावर मांडलेलं गणित बरोबर होतं. उस्तानीबीनं तपासून दिलं होतं.

"उद्धटपणा शिकून आली कुठून तरी," गुरुजी म्हणाले आणि पट्टी पुसली.

मी तुकडे ओच्यात गोळा करून घरी आणले. मायपुढं ठेवले. सगळं सांगितलं. पस्तीसचं, बरंय-घेचं, पट्टीचं. माझं एकही चुकत नाही, हे खोटं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर मला बडवेल. मायनं एकेक तुकडा हातात घेऊन बघितला. विटा वाहून तिच्या बोटांची सालं निघालेली असायची.

"दुसरी पाटी आनू," ती म्हणाली. "पन ध्येनात ठेव पोरी. आता भुईवर नाय ठेवायची."

दुसरी आणली. ती मी टेबलावर ठेवली. गुरुजींनी ती ढकलली नाही, बघितलीही नाही. वर्ष संपेपर्यंत माझी पाटी रोज टेबलाच्या कोपऱ्यावर पडून राहायची आणि रांग तिच्या बाजूनं पुढं जायची. मी रोज ठेवत राहिले. तपासणी माझी ओट्यावर व्हायची.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. लोक म्हणतात, जुना काळ होता, आता कुठं तसलं राहिलंय. म्हणून पुढचंही सांगते.

मी शिकले, डी.एड. झाले, शिक्षिका झाले. पैठणच्या बाजूला एका गावात नेमणूक मिळाली. रोज एस.टी.नं जायचे. तिकडं धरणाचं काम चाललेलं, बसमध्ये सगळे मजूर आणि मी. पातळाला इस्त्री करून जायचे. तिथले मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. माझ्या हातचा चहा घ्यायचे, बरं का. सगळ्यांसमोर घ्यायचे, आणि घेतला की आजूबाजूला बघायचे.

नव्या शिक्षकांचे पाठ बघायची तिथं रीत होती. मुख्याध्यापक मागच्या बाकावर तासभर बसायचे आणि नंतर शिक्षकाला समोर घेऊन चिरफाड करायचे. फळ्याला पाठ करून उभे राहता, प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देता, मागची पोरं झोपली होती. माझ्याबरोबर लागलेला एक शिक्षक या चिरफाडीनंतर तोंड पाडून बसायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. कारण माझ्या वर्गावर मुख्याध्यापक यायचे, दारात उभे राहायचे, मान थोडी लांब करायचे आणि म्हणायचे, "चालू द्या बाई. छान चाललंय."

मी त्या आवाजाला ओळखलं. माणूस दुसरा होता, गाव दुसरं होतं, पण अंतर तेवढंच होतं. इथं विटाळ नव्हता. इथं हिशेब असा होता की ही सवलतीतून आलेली बाई, हिच्याकडून काय व्हायचंय, हिला कशाला घडवत बसायचं. मी सातवीचं गणित मागत होते. मला वर्षामागून वर्ष पहिलीचा वर्ग आणि प्रार्थना मिळत होती. तो तोंड पाडून बसणारा शिक्षक सातवीला गणित शिकवायला लागला. त्याच्या चुका काढून काढून त्याला तयार केला होता ना.

एकदा शिक्षकांच्या बैठकीत मी परत सातवीचं गणित मागितलं. मुख्याध्यापक हसले. "बाई, घाई कशाला? माणसानं नम्र राहावं. आयुष्यभर विद्यार्थी राहावं. अजून शिकायचंय तुम्हाला."

मी उठून उभी राहिले.

"शिकायचंय सर," मी म्हणाले. "म्हणूनच विचारते. माझी एक चूक सांगा."

"म्हणजे?"

"मी अजून शिकायची आहे म्हणता. मग काय चुकतं माझं? एक सांगा. तुम्ही एकदाही माझ्या वर्गात बसला नाहीत. उद्या बसा. तास संपेपर्यंत बसा. हव्या तेवढ्या चुका काढा, मी हात जोडून ऐकून घेईन. पण बघितल्याशिवाय नम्र राहा म्हणू नका."

कुणीतरी बशीत कप ठेवला, त्याचा आवाज झाला.

"आवाज खाली ठेवा बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"आवाज खालीच होता सर. इतकी वर्षं."

त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी लिहिलं, उद्धट. वाचून मला हसू आलं आणि तोंड कडू झालं. सगळ्या जन्मात वरच्या माणसानं माझ्या पाटीवर ओढलेली ती पहिली काट. तीही माझ्या कामावर नव्हे, माझ्या तोंडावर. माझ्या वर्गात ते शेवटपर्यंत बसले नाहीत. सातवीचं गणित मला त्या शाळेत मिळालं नाही. बदली झाल्यावर दुसरीकडं मिळालं, आणि तिथं सुरुवातीला मी खूप चुका केल्या, कारण त्या कुणी आधी काढल्याच नव्हत्या. त्या चुकांचा भुर्दंड पोरांना पडला. ते मी कुणाच्या नावावर मांडू?

उस्तानीबी जाऊन किती वर्षं झाली. मी निवृत्त झाले. तिची नात अजून त्याच गल्लीत राहते. माझ्या मुलापेक्षा लहान आहे. मी तिच्याकडं उर्दू शिकायला जाते. उजवीकडून डावीकडं लिहिताना हात अजून अडतो. ती वही मांडीवर घेते, लाल पेननं गोल करते आणि म्हणते, "गलत है खाला, फिरसे लिखो." माझी मान आपोआप खाली जाते आणि मी परत लिहिते. मला कुणी नम्र राहा म्हणायची गरज पडत नाही. मरेपर्यंत शिकेन. ती हौस मला कुणी शिकवलेली नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकलं नाही.

परवा एक संस्थाचालक घरी आले होते. त्यांची शाळा आहे, मुलांचं वसतिगृह आहे, त्यात बरीचशी आमच्या वस्त्यांतली पोरं. शाल आणि नारळ घेऊन आले, सोफ्यावर ऐसपैस बसले.

"मॅडम, तुम्ही येऊन दोन शब्द बोला. तुमची ही मुलं हल्ली फार उलट बोलतात. मार्क का कापले म्हणून पेपर मागतात, सरांना जाब विचारतात. त्यांना जरा सांगा, नम्र राहा, शिकत राहा. तुमचं ऐकतील ती."

तुमची मुलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तपासणीच्या साहेबांना कधी पाहिलं नसेल. वाक्य मात्र तेच होतं, जराही न झिजलेलं.

"येते," मी म्हणाले. ते खूश झाले. आमंत्रणपत्रिकेवर माझं नाव मोठं छापतो म्हणाले.

मी जाणार आहे. बोलायचं काय ते ठरवलंय, आणि ते लांबलचक नाही. पोरांनो, पाटी भुईवर ठेवायची नाही. टेबलावर ठेवायची. ढकलली तर परत ठेवायची, फुटली तर दुसरी आणायची. पेपर मागायचा. माझं काय चुकलं, हे विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. ज्यानं चूक दाखवली त्याच्यापुढं वाका, मग तो कुणीही असो, लहान असो, कुठल्याही जातीचा असो. पण जो तुमची पाटी हातात न घेताच मान खाली घाला म्हणतो, त्याच्यापुढं मान ताठ ठेवायची. एवढं शिकलात तर पुरे, बाकीचं आपण चुका करत शिकू.

संस्थाचालक पहिल्या रांगेत बसलेले असतील. मी त्यांच्याकडं बघूनच बोलणार आहे.